हात सुटला तर

राणेबाईंना गर्दीत कुणाचा धक्का लागलेला मी कधी पाहिला नाही, एक दिवस सोडला तर.

दर वर्षी दिवाळीआधीचा रविवार, कल्याणचा शिवाजी चौक. दोन्ही बाजूंना कंदिलांचे ढीग, मधे रिक्षा, हातगाड्या, दुचाक्या आणि एकेका दुचाकीवर बसलेली अख्खी कुटुंबं. त्यातून बाई अशा चालत जायच्या की पालिकेने रस्ता खास त्यांच्यासाठी मोकळा करून ठेवलाय असं वाटावं. अंगाने किरकोळ, उंची बेताची. सुती साडी, पदर खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. मागे आम्ही बिल्डिंगमधल्या सहा-सात जणी, निमूटपणे. त्या थांबल्या की आम्ही थांबायचो आणि त्यांनी पाऊल उचललं की आम्हीही उचलायचो.

मी त्यांना बाई म्हणते, कारण पहिलीत त्या मला शिकवायला होत्या. पुढे लग्न झालं तरी मी ठाकुर्लीतच राहिले आणि नव्या घरात गेले तर समोरच्या दारावर ‘राणे’ अशी पाटी. दार उघडून बाई बाहेर आल्या. मला आधी वरून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्या दारापुढच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “वैशाली ना तू? चपला सरळ लाव.” नवा कोरा नवरा शेजारी उभा होता. तरी मी वाकून चपला सरळ लावल्या. त्यानेही स्वतःच्या लावल्या.

बाई निवृत्त झाल्या होत्या म्हणजे फक्त पगार बंद झाला होता. बाकी सगळं चालू होतं. बिल्डिंगमधली पोरं, त्यांच्या आया, वॉचमन, केबलवाला, सगळे पहिलीच्या वर्गात. फुटपाथवरून गाडी दामटणाऱ्या एका दाढीवाल्या इसमाला त्यांनी भर बाजारात थांबवलं होतं आणि शांतपणे विचारलं होतं, “शाळा कुठली रे तुझी?” त्या माणसाने गोंधळून शाळेचं नाव सांगितलं आणि गाडी खाली उतरवली. त्याला नक्की काय झालं ते त्याला घरी जाईपर्यंत कळलं नसेल.

गर्दीत चालायचं त्यांचं एक शास्त्र होतं. पत्रीपुलाच्या अलीकडे रिक्षा तुंबणार हे दिवाळीत ठरलेलंच, तेव्हा तिथं बसून रिक्षावाल्याच्या मागे लागण्यापेक्षा उतरायचं आणि चालू लागायचं. बाजारात शिरलं की रस्त्याच्या मधोमध थांबायचं नाही. काही बघायचं असेल तर दुकानाच्या पायरीवर चढून बघायचं. जड सामान शेवटी, कंदील सगळ्यात शेवटी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, “गर्दीशी भांडायचं नाही गं. तिच्याबरोबर चालायचं आणि आपलं वळण आलं की बाजूला व्हायचं.” हे त्या इतक्या सहज म्हणायच्या की आपल्यालाही ते जमेल असं वाटायचं. मला अजून जमत नाही. मी आजही बाजारातून येते ती पायावर कुणाचे तरी बूट उमटवून घेऊनच.

हे शास्त्र त्यांनी पहिलीच्या पोरांवर तयार केलं होतं. शाळेत त्यांच्याकडे एक दोर होता. जाडसर सुती, थोड्या थोड्या अंतरावर गाठ मारलेला. सहलीला निघताना प्रत्येकाने एकेक गाठ पकडायची, पुढचं टोक बाईंच्या हातात. शाळेच्या फाटकाशी सगळी वरात थांबायची. बाई विचारायच्या, “हात सुटला तर?”

“तिथंच थांबायचं!” आम्ही कोकलायचो.

“कोण येणार?”

“बाई येणार!”

“शाब्बास.”

शाब्बास म्हटल्यावरच शिपाई फाटक उघडायचा. एखाद्याचा आवाज कमी पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

नवरात्रात त्या आम्हाला दुर्गाडी किल्ल्याच्या जत्रेला घेऊन गेल्या होत्या. तिथं आमच्यातल्या एकाने फुग्यासाठी गाठ सोडली आणि तो गायब झाला. बरोबरच्या दुसऱ्या बाई रडायलाच लागल्या. शिपाई किल्ल्याच्या दिशेने वर पळाला, खेळण्यांची दुकानं धुंडाळायला. आमच्या बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि नुसतं बघत राहिल्या, लोक कुठल्या बाजूला चाललेत ते. मग माणसांच्या लोंढ्याबरोबर खाली उतरल्या. खाली जिथं रस्ता जरा ऐसपैस होतो तिथं, उसाच्या रसाच्या गाडीशेजारी, पोरगं फुगा धरून उभं होतं. रडत वगैरे नव्हतं. त्याला माहीत होतं बाई येणार म्हणून.

“पोर गर्दीच्या उलट कधी जात नाही,” परत येताना त्या दुसऱ्या बाईंना सांगत होत्या. “ते वाहत जातं. जिथं पहिल्यांदा मोकळं मिळतं तिथं त्याच्या लक्षात येतं, हात सुटलाय. मग ते थांबतं.” मी तेव्हा सहा वर्षांची होते, पण हे वाक्य मला पक्कं आठवतं, कारण माझी गाठ बाईंच्या सगळ्यात जवळची होती.

या सगळ्या शिस्तीला एक माणूस अपवाद होता. बाईंचे यजमान. त्यांना सगळे भाऊ म्हणत. उंच, हाडापेराने दणकट, मोहन्याच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद पडला तेव्हा बऱ्याच जणांनी गावचा रस्ता धरला. भाऊ एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले आणि वय झाल्यावर घरी बसले. घरी बसले म्हणजे फक्त कामावर जायचे थांबले. सकाळ-संध्याकाळ फेरफटका, भाजी, दूध, कुणाचं पार्सल, कुणाची औषधं, यासाठी त्यांना बाहेर पडायला लागायचंच. एखाद्या दिवशी पावसाने अडकले तर पिंजऱ्यात कोंडल्यासारखे गॅलरीत येरझारा घालायचे. सगळं जग बाईंना बाई म्हणायचं. सुमन म्हणणारे ते एकटेच.

दोघं बाहेर निघाली की भाऊ दोन पावलं पुढे. चालताना त्यांचा डावा हात किंचित मागे, तळवा उघडा. मागे वळून बघायचे नाहीत. बाईंनी आपला हात त्या तळव्यात ठेवायचा, मग दोघं चालू लागायची. जिन्यावरून जाताना, रस्ता ओलांडताना, लग्नाच्या हॉलमध्ये जेवायच्या रांगेतसुद्धा तो हात मागे यायचा. ज्या बाईच्या मागे सगळी बिल्डिंग चालायची, ती नवऱ्याच्या मागे चालायची. त्यावर मी एकदा त्यांना चिडवलं तर म्हणाल्या, “अगं, तो दोर त्यांचाच आहे.”

करंज्या भरताना त्यांनी ती गोष्ट सांगितली. लग्न होऊन त्या कणकवलीच्या पलीकडच्या एका वाडीतून कल्याणला आल्या. पहिली दिवाळी. भाऊ त्यांना बाजार दाखवायला घेऊन निघाले. “मी तोवर गर्दी बघितली होती ती गावच्या जत्रेची. तिथं हरवलं तरी कोण ना कोण ओळखीचं भेटतं. इथं सगळीच तोंडं परकी. निघताना हे म्हणाले, सुमन, हात सुटला तर हलू नकोस. तिथंच थांब. मी येतो. आणि सुटला की गं! टिळक चौकात. मला रडू यायला लागलं. लोक ढकलतायत, कोण काय बोलतंय. पण मी हलले नाही. आले शोधत. घाबरलीस का, म्हणाले. मी म्हटलं, नाही, तुम्ही सांगितलं होतं ना, येतो म्हणून.” बाईंनी करंजीची कड दुमडून बंद केली. “तेच मी पोरांना शिकवलं. माझं त्यात काही नाही.”

भाऊंचं विसरणं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. एकदा जिन्यात त्यांनी मला विचारलं, “कुणाकडे आलीस तू?” मी हसले. बाई मागून म्हणाल्या, “गंमत करतायत तुझी.” मग एकाच संध्याकाळी तीनदा दही आलं. मग एका शर्टावर दुसरा शर्ट. बाई प्रत्येक गोष्टीला कारण शोधून ठेवायच्या. दही मीच सांगितलेलं. शर्ट थंडी वाजत होती म्हणून. एका दुपारी एक रिक्षावाला भाऊंना थेट मोहन्याहून घेऊन आला. ते कामाच्या पाळीला म्हणून कारखान्याच्या बंद फाटकाशी जाऊन उभे राहिले होते. बाई मला म्हणाल्या, “जुन्या मित्रांना भेटायला गेलेले.” तिथं आता कुणीही जुना मित्र राहत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी मान डोलावली.

त्यांची मुलगी शलाका ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहते. बँकेत आहे, स्वभावाने आईसारखीच कडक. बहुतेक रविवारी यायची आणि पॅसेजमध्ये दोघींचं वाजायचं. भाऊंना ऐकू जाऊ नये म्हणून घराबाहेर, म्हणजे माझ्या दारात.

“आई, बाबांना बाजारात न्यायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत.”

“एकटं सोडायचं नाही म्हणालेत. माझ्याबरोबर असतात ते.”

“आणि गर्दीत हात सुटला तर?”

“सुटला तर येतील ते. आजवर कोण येत होतं?”

“आजवरचं सोड गं. मी काय म्हणते ते कळतंय तुला, उगाच करतेस.” शलाकाचा आवाज चढला. “एकदा जरी काही झालं ना, तर मी दोघांना ठाण्याला नेणार. दिवसभराचा माणूस ठेवणार आणि दाराला कुलूप. सांगून ठेवते.”

ती गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. “ती चुकीचं बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “पण कुलूप लावलं तर ते टिकणार नाहीत गं वैशू. बाहेर पडणारा माणूस आहे तो.” मला दोघींचंही पटत होतं आणि त्याचाच मला राग येत होता.

तर त्या वर्षीचा दिवाळीआधीचा रविवार. बिल्डिंगमधल्या बाकीच्या जणींनी आता बाजारात येणं सोडलं होतं. काहींची दिवाळी मोबाईलवर घरपोच यायची, काहींची कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या दुकानांतून गाडीच्या डिकीत. उरलो आम्ही तिघं. पत्रीपुलाच्या अलीकडे रिक्षा थांबली ती थांबलीच. आम्ही उतरून चालू लागलो. भाऊ खुशीत होते. ओळखीचे असोत नसोत, चार जणांना हात करत होते. डावा हात मागे, त्यात बाईंचा हात. मी बाजूने चालत होते आणि मला खरंच वाटलं की शलाका उगाच घाबरते.

रांगोळीची पिशवी भाऊंच्या उजव्या हातात देऊन झाली होती. राहिला होता कंदील. बाईंना बांबूच्या काड्यांचा, कागदाचाच लागायचा. शिवाजी चौकाच्या पुढे एका गाड्यावर तसे होते. बाई मान वर करून बघत होत्या. तेवढ्यात एक दुचाकीवाला हॉर्न दाबत भर माणसांत घुसला. लोक दोन्हीकडे सरकले, आम्ही गाड्यावर रेटले गेलो, एक कंदील माझ्या डोक्यावर पडला. दुचाकी गेली, लोक परत एकत्र झाले, आणि भाऊ नव्हते.

बाईंनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. मी इथंच थांबते. ते येतील.”

मी भाऊंच्या मोबाईलवर फोन लावला. तो बाईंच्याच पिशवीत वाजला. घराबाहेर पडताना भाऊ तो कुठेही ठेवतात म्हणून त्यांनी स्वतःकडे घेतला होता. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “त्यांना लागत नाही तो.”

चौकात पोलिसांचा मांडव होता. भोंग्यावरून सारखं काही ना काही सांगत होते. पाकीट सांभाळा, लाल फ्रॉकवाल्या मुलीच्या आईने मांडवात यावं. मी म्हटलं, “बाई, तिथं जाऊन नाव सांगू या. लगेच मिळतील.”

“नाही.” इतकं तुटक त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. “त्यांचं नाव भोंग्यावर घ्यायचं नाही. लहान मूल हरवलंय का? मोठा माणूस आहे. ते मला शोधत येतील. मी इथून हलले तर त्यांची पंचाईत होईल.”

मी एकटीच शोधायला गेले. आलो होतो त्या रस्त्याने मागे गेले, स्टेशनकडच्या तोंडापर्यंत. उंच, पांढऱ्या केसांचा माणूस दिसला की धावायचे, दुसराच कुणी निघायचा. परत आले तेव्हा बाई त्याच जागी होत्या. गर्दी आता चांगलीच दाटली होती आणि बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. लोक त्यांना खांदे मारून जात होते. एका पोराच्या पाठीवरची बॅग त्यांच्या तोंडावर घासून गेली. कुणी तरी म्हणालं, “ओ मावशी, साइडला व्हा ना, बीच में काय उभ्या राहता.” बाई हलल्या नाहीत. चष्मा वाकडा झाला होता, तो त्यांनी सरळ केला. मला त्यांच्याकडे बघवेना.

“बाई, पायरीवर तरी या.”

“पायरीवर हात सुटला नव्हता. इथं सुटला.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शलाका. बाईंनी घेतला. “हो, बाजारातच. हो, हे आहेत ना.” थोडं थांबून म्हणाल्या, “कंदील बघतायत. घरी गेल्यावर करते फोन.” फोन पिशवीत ठेवताना तो त्यांच्या हातून खाली पडला आणि मी उचलून दिला. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या बाईला मी त्या दिवशी खोटं बोलताना पाहिलं. मला त्यांची भयंकर कीव आली. भाऊ पत्रीपुलावर, गाड्यांच्या मधे, असे उभे असलेले मला दिसायला लागले.

अंधारून आलं. कंदिलांचे दिवे लागले. भोंग्यावर घोषणा झाली, निळा शर्ट घातलेला एक लहान मुलगा मांडवात आहे, आपलं नाव सांगत नाही, घर कुठे तेही सांगत नाही, ज्यांचा असेल त्यांनी येऊन घेऊन जावं. घोषणा दोनदा झाली. बाई मान तिरकी करून ऐकत होत्या. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा बदलला. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

मग त्यांनी मला विचारलं, “वैशू, लोक कुठल्या बाजूला चाललेत?”

तो आवाज मी ओळखला. तो वर्गातला होता. मी म्हटलं, “पारनाक्याकडे.”

“मघाशीही तिकडेच होते ना? ती गाडी गेल्यावर?”

“हो.”

बाईंनी एकदा पायाखालच्या जागेकडे पाहिलं. दुर्गाडीच्या जत्रेत त्यांना जे एका मिनिटात कळलं होतं, ते कळायला त्या दिवशी इतका वेळ लागला, कारण ते कळण्यासाठी भाऊंना पोर समजायला लागणार होतं. त्या जागेवर उभ्या होत्या तोवर भाऊ येणारे होते. पाऊल उचललं की ते हरवलेले. त्यांनी पदर खोचला आणि पाऊल उचललं.

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. लोंढ्याबरोबर, ना घाई ना रेटारेटी, मी मागे. कपड्यांची दुकानं गेली, फटाक्यांचे स्टॉल गेले, डावीकडची गल्ली त्यांनी बघितलीही नाही. पुढे जिथं रस्ता रुंद होतो तिथं पणत्यावाल्या बसतात. गोणपाटावर पणत्यांच्या राशी, आणि त्यांच्या मागे बंद दुकानाच्या शटरला लागून भाऊ उभे. आमच्याकडे पाठ. उजव्या हाताने रांगोळीची पिशवी छातीशी धरलेली. डावा हात मागे, तळवा उघडा.

“तुमचे हायेत का?” पणत्यावाली बाईंना म्हणाली. “कवापासून उभे हायेत. बसा म्हटलं, बसत नाहीत. पाणी दिलं, घेत नाहीत. बोलतात, हात सुटलाय, हलायचं नाही.”

बाईंच्या शाळेतल्या पोरांसारखेच भाऊही तिथंच थांबले होते. इतका वेळ दोघं एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, एकमेकांची वाट बघत उभी होती.

बाईंनी पुढे होऊन आपला हात त्या तळव्यात ठेवला. भाऊ वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज रागाचा होता. “कुठं होतीस तू, सुमन? किती शोधायचं माणसाने? सांगितलं होतं ना, हात सुटला तर हलायचं नाही म्हणून? मी आलो असतो ना.”

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या.

“परत असं करू नकोस.”

“नाही करणार.”

मी पणत्यावालीकडून गरज नसताना ढीगभर पणत्या घेतल्या, कारण मला कुठे तरी खाली बघायचं होतं.

घरी आल्यावर बाईंनी शलाकाला फोन केला आणि सगळं सांगितलं. मघाशी खोटं बोलले तेही सांगितलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, पण पलीकडून शलाकाचं रडणंच ऐकू येत होतं. भाऊबीज झाली की दोघांनी ठाण्याला जायचं ठरलं. बाईंनी एकच अट घातली. “कुलूप नाही. माणूस ठेव, पण त्याने यांना रोज फिरवून आणायचं. आणि यंदाचा कंदील आम्ही दोघं जाऊन आणणार. तो राहिलाय.”

पुढचं थोडक्यात सांगते. शलाकाने अट पाळली, पण भाऊ वर्तकनगरच्या घरात फार दिवस टिकले नाहीत. रोज फिरायला जायचे, परत आले की हे आपलं घर नाही म्हणायचे. पाऊस सुरू व्हायच्या आधीच गेले. बाई अजून तिथं आहेत. फोनवर बोलतात, माझ्या मुलाचा अभ्यास विचारतात. ठाकुर्लीला ये म्हटलं की विषय बदलतात.

त्या दोघांची आठवण काढली की मला डोळ्यांपुढे येते ती धनत्रयोदशीची सकाळ. मी दूध घेऊन परत येत होते. बिल्डिंगच्या फाटकाच्या आत ती दोघं कंदील आणायला निघालेली. कल्याणला जायचं नव्हतं, ठाकुर्ली स्टेशनबाहेर कंदिलांच्या गाड्या लागल्या होत्या तिथवरच. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एकच. आणि दोघांच्या मधे तो दोर होता, शाळेतला. धुऊन धुऊन पांढरा पडलेला, गाठी मात्र तशाच. बाई पुढे होत्या, टोक त्यांच्या मनगटाला गुंडाळलेलं. भाऊंच्या हातात त्यांच्या सगळ्यात जवळची गाठ. इतक्या वर्षांत मी त्यांना भाऊंच्या पुढे चालताना पहिल्यांदा पाहत होते.

फाटक लोटलेलं होतं. बाई त्याच्यापाशी थांबल्या. मागे न वळता त्यांनी विचारलं, “हात सुटला तर?”

“तिथंच थांबायचं,” भाऊ म्हणाले.

यापुढचं त्यांचं ‘मी येतो’ हे वाक्य मला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. त्या ते ऐकायला थांबल्या. ते आलं नाही, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “कोण येणार?”

भाऊंनी गाठ घट्ट धरली. आम्ही पोरं धरायचो तशी, दोन्ही हातांनी.

“बाई येणार,” ते म्हणाले.

बाईंनी शाब्बास म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांना ते म्हणता आलं नाही. मी दुधाची पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्यासाठी फाटक उघडलं.